तबकडीखालची कणीक

—नको, त्या तबकडीला हात लावू नकोस केशव, काकांना लगेच कळतं — तू आपला चहा घे. कांचन चप्पल घ्यायला न्यू मार्केटला गेलीय. उद्या पुण्याची गाडी आणि आज चप्पल, आमची कन्या ती! काका दूध आणायला गेलेत. तू मशीन न्यायला आलायस, ठाऊक आहे मला. तिथल्या हॉटेलात तुम्ही दोघं मिळून गाणी वाजवणार, डीजे म्हणे — आमच्या पिपलानी वसाहतीत डीजे म्हणजे वरातीपुढचा टेम्पो. तर हे गाण्यांचं मशीन आणलं तेव्हा बरं चालत होतं की, पण ही म्हणाली, बाबा, ह्याच्या चकत्या नुसत्या बसून राहतात, जुन्या रेकॉर्डसारख्या आपोआप फिरायला हव्यात, हाताला ओढ लागायला हवी. झालं. ह्यांना तेवढंच पुरे. टेपरेकॉर्डरच्या मोटरी काढल्या, माझी जर्मनची दोन ताटं कापली — मला न विचारता, हो — आणि केल्या तबकड्या. फिरतात, सुरेख फिरतात, जरा लंगडतात इतकंच. एका बाजूला वजन कमी पडलं की गाणं झिंगल्यासारखं हेलकावतं.

मग तोल कशानं साधायचा? कणकेनं. हस, हस. रोज कारखान्यातून आले की हात धुतात, माझ्याकडून सुपारीएवढी कणीक मागून घेतात, तबकडीखाली चिकटवतात, कांचन कान देऊन ऐकते, म्हणते अजून थोडी — बापलेक जमिनीवर पालथे पडून तास तास. रात्रीतून कणीक वाळते, हलकी होते, सकाळी गळून पडते. संध्याकाळी पुन्हा श्रीगणेशा. दिवाळीपासून चाललंय हे, आता होळी आली.

तू म्हणशील, काकू, काका कारखान्यात करतात तरी काय? हेच करतात. हत्तीएवढे रोटर फिरवून त्यांचा तोल बघायचा, जन्म गेला त्यात. मग त्या माणसाला ठाऊक नाही कणीक वाळते म्हणून? आणि कांचनला? तिला सगळं कळतं. पुण्याहून दोनदा बोलावणं आलं, दोनदा हिनं कळवलं, मशीन तयार नाही. म्हटलं, धन्य आहात दोघं. पोरगी तिशीला आली, हात चांगला आहे असं तूच सांगतोस, आणि हे आपले कणकेशी खेळतायत. ह्या खेपेला नाही गेली तर परत कोण विचारणार आहे तिला?

ओट्यावर काय बघतोयस? कणीकच आहे ती. नाही, पोळ्या नाहीत आज, खिचडी टाकलीय — मग काय झालं, मूठभर मळून ठेवते मी रोज, ह्यांनी मागितली की हाताशी असावी — सैलच मळते, घट्ट मळली तर दोन-दोन दिवस टिकते मेली, आणि मग...

असा बघू नकोस माझ्याकडे. ते दोघं तिकडे हसत असतात, मी इथे कांदा चिरत ऐकते. मला आवडतं ते. फार आवडतं. ती गेली की ह्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघं एकमेकांना काय ऐकवणार, बातम्या?

थांब, जाऊ नकोस. त्या खिडकीत एम-सीलचं पाकीट आहे, नळासाठी आणलेलं. दोन्ही वड्या एकत्र मळायच्या, कणकेसारख्याच. तबकडी उलटी कर, खाली पांढरे डाग दिसतील, तिथेच लाव — कणकेपेक्षा कमी घे, हे जड असतं. थोड्या वेळात दगड होतं, मग पुन्हा काढता येत नाही. नको, माझ्याकडे देऊ नकोस. तूच मळ. मी नाही मळणार.

लावलंस? दोन्हींना? मग उचल आणि नीघ. काका जिन्यात भेटले तर नमस्कार कर, पण थांबू नकोस.