ओळीशेजारचं नाव

आणि वर ते चौकशीवाले मलाच म्हणतात, "पण नाव तर तुमच्या मुलीचंच दिसतंय, आजोबा." अहो, दिसणारच... रंगाऱ्यानं घराला रंग दिला म्हणून त्याला घरमालक म्हणता का तुम्ही? तुम्हाला सांगतो, मी सातवीत दोनदा बसलेला माणूस, कॉम्प्युटर मला फक्त फडक्यानं पुसता येतो, पण एवढं मलाही कळतं.

झालं काय, माझी लेक सॉफ्टवेअर लिहिते. हॉस्पिटलात सलाइनचे पंप असतात बघा, थेंब अडला की कोकलणारे, त्यांच्या पोटातलं. तिच्या साहेबांनी कोड तपासायला एक प्रोग्रॅम बसवला, सगळे त्याला मास्तर म्हणतात. ओळ किती लांब, सुरुवातीला किती जागा मोकळी, कंस कुठे... जरा इकडंतिकडं झालं की काम परत. लेकीनं विचारलं, "सर, अर्थ कोण तपासणार?" साहेब म्हणाले, नाकातून बोलतात ते, "ओळ सरळ आहे ना? मग झालं."

मी एकदा फोनवर म्हटलं त्यांना, "साहेब, आमच्या जावयाला पाठवू का मास्तरकडे? माणूस चांगला आहे, पण जरा तिरका चालतो." हसले नाहीत. आमची ही आतून म्हणाली, "अहो, पोरीची नोकरी आहे ती."

तर नऊ वर्षांचा जुना कोड, चार लाख ओळी, ज्यानं त्यानं आपापल्या वळणानं लिहिलेल्या, लिहिणारे निम्मे सोडून गेलेले... लेकीला हुकूम, सगळं मास्तरमधून काढ. तिनं मास्तरचं ओळी सरळ करायचं बटण दाबलं, चहा निवायच्या आत सगळ्या ओळी कवायतीला उभ्या. अर्थ एकीचाही बदलला नाही, नुसत्या जागा. पण गोम अशी, की ओळीला शेवटचा हात ज्याचा, त्याचं नाव तिच्या शेजारी उमटतं. आता वरपासून खालपर्यंत माझी लेक. आणि आधी कोणी काय लिहिलं त्या जुन्या नोंदी? साहेबांनी पुसल्या, गबाळ्या दिसतात म्हणून. ओळ सरळ आहे ना? मग झालं. मीही मेला हौशी, आळीभर सांगत सुटलो, सगळं आमच्या पोरीनंच लिहिलंय.

मग एका हॉस्पिटलात पंप कोकललाच नाही. एक बाई गेली.

...हो, गेली. चौकशी बसली, पंप ज्या ओळीमुळं गप्प राहिला ती सापडली, शेजारी नाव कोणाचं? लेक म्हणाली, "मी ती फक्त चार जागा आत सरकवली."

"म्हणजे हात लावलात. वाचली होती?"

आता चार लाख ओळी कोण वाचतं, तुम्ही वाचाल? लग्नपत्रिका धड वाचत नाही तुम्ही. पण पोरगी आईवर गेलीय, खोटं जमत नाही. म्हणाली, "नाही वाचली." संपलं. महिन्याची नोटीस. साहेबांनी तीच ओळ मास्तरला पुन्हा दाखवली, तर पास.

आणि आता ऐका. ती ओळ दुरुस्त कोण करणार? पंप अजून चालू, ऑफिसात दहा जण, एकजण हात लावेना, लावला की आपलं नाव येणार ना... एकाची पाठ धरलेली, एकाच्या मेहुणीचं लग्न, एक तर म्हणे खिडकीबाहेर बघत बसला, जणू पंप तिकडं झाडावर लागलेत. नोटिशीचा महिना असाच गेला. शेवटच्या दिवशी लेकीनंच ती उघडली, दुपारभर वाचली, सुधारली, पंपाला लावून बघितली, कोकलला. घरी आली, चपला काढल्या, म्हणाली, "झालं बाबा, दुरुस्त केली."

मी विचारलं, "मग आता शेजारी नाव कोणाचं?"

"माझंच."

चला... आता निदान ते खरं तरी आहे.