तीस अंशांवरचा ताप

कुसुमोतो : फिल्म मी तीनदा उलटसुलट करून पाहिली, नोसे-कुन. उष्णतेतल्या प्रथिनांचा पट्टा दोन्ही रांगांत आहे. तुझ्या जनुक बदललेल्या म्युटंटच्याही आणि साध्या जिवाणूंच्याही.

नोसे : साध्यांच्या रांगेत कसा असेल? ते तीस अंशांवर मजेत बसलेले असतात. फ्लास्क चुकून बेचाळीसच्या पाण्यात तर नाही ना ठेवलात?

कुसुमोतो : आपल्या लॅबच्या प्रमुखांना, शिमोमुरा-सेन्सेईंना, केस होते तेव्हापासून फ्लास्क ठेवतेय मी.

नोसे : माफ करा. पण मग माझं संपलंच की! एक वाजता सेमिनार. तोक्योच्या पाहुण्यांना सेन्सेई जेवायला घेऊन गेलेत. आणि मी उभा राहून सांगणार काय, तर माझा म्युटंट उष्णता नसतानाच उष्णतेतली प्रथिनं बनवतो. एप्रिलची नेमणूक या एका वाक्यावर टांगलीय.

कुसुमोतो : मी वेगळं केलं ते एवढंच. म्युटंटच्या फ्लास्कात तू अँटिबायोटिक घालतोस ना?

नोसे : घालावंच लागतं. औषधाला पुरून उरणारं जनुक त्याला मी चिकटवलंय. औषध थांबवलं की पठ्ठ्या ते टाकून देतो. साध्यांना घातलं तर त्यांची वाढच खुंटेल.

कुसुमोतो : म्हणून औषध नाही घातलं. ते मी ज्यात विरघळवते, ते नुसतं अल्कोहोल घातलं. घरात दोन पोरं असली तर एकालाच कसं द्यायचं?

नोसे : किती घातलंत?

कुसुमोतो : तू घालतोस तेवढंच. शंभर मिलिलिटरला चार.

नोसे : शंभराला चार? अहो, औषध थेंबभर पुरतं!

कुसुमोतो : घट्ट असेल तर. हे पातळ आहे. तुझ्याआधीच्या मियाके-सानचं बारीक पिपेट मोडलं होतं, तेव्हा ते म्हणाले, पातळ करून द्या, म्हणजे मोठ्या पिपेटने मोजता येईल. ते कंपनीत गेले, त्यांची वही तू घेतलीस, मी बाटली भरत राहिले.

नोसे : आणि तुम्हाला कधी खटकलं नाही?

कुसुमोतो : खटकलं की. तीन वर्षं खटकतंय. म्हटलं, डॉक्टरेटवाल्याला विचारणारी मी कोण? तू का नाही विचारलंस मियाके-सानना?

नोसे : सीनियरना? ‘तुमच्या वहीत हे असं का लिहिलंय’ म्हणून? मी ती वही दोन्ही हातांनी उघडायचो, कुसुमोतो-सान. शंका घ्यायचं सुचलंच नाही. म्हणजे तीन वर्षं मी बिचाऱ्यांना दारू पाजली आणि जगाला सांगत सुटलो, बघा, यांना आपोआप ताप येतो!

(नोसे फिल्म खिडकीच्या उजेडात धरतो.)

कुसुमोतो : पण दारूचा आणि तापाचा काय संबंध?

नोसे : दोन्हींनी आतली प्रथिनं चुरगळतात. त्यांच्यात एक मुकादम असतो, कामावरच्यांना हाका मारणारा. एरवी सांभाळणारी प्रथिनं त्याचं बखोट धरून त्याला कापून टाकणाऱ्यांकडे पाठवतात. मिनिटभर जगला तरी खूप. पण चुरगळलेली प्रथिनं पुढ्यात आली, की सांभाळणाऱ्यांचे हात तिकडे गुंततात आणि मुकादम सुटतो. मग त्याच्या हाकेने उष्णतेची जनुकं जागी होतात, आणखी सांभाळणारे तयार होतात. त्यांचे हात रिकामे झाले की पुन्हा मुकादमाचं बखोट.

कुसुमोतो : चांगली शिस्त आहे.

नोसे : माझंच चरित्र आहे. सेन्सेई तीन वर्षं समित्यांमध्ये अडकलेले, म्हणून मी सुटलो होतो. आज त्यांचे हात रिकामे आहेत.

कुसुमोतो : थट्टा पुरे. हे बघ, फिल्म धुताना मी बिघडवली म्हणून सांग. जुन्या फिल्मा दाखव. नेमणूक होऊ दे, मग सावकाश दुरुस्त कर.

नोसे : खरं सांगू? तुम्ही बोलायच्या आधीच माझ्या मनात तेच आलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं, तुमच्या नावासकट. लाज वाटते मला.

कुसुमोतो : मग?

नोसे : मग काय, हीच फिल्म सगळ्यात आधी दाखवतो. पाहुण्यांनी माझा म्युटंट मागितलाय. तो तिकडे गेला तर आणखी कुणाचीतरी तीन वर्षं जातील. नेमणूक गेली तर गेली. आईला फोन करताना मात्र रडू येईल.

कुसुमोतो : आधी तो ओनिगिरी, तो भाताचा गोळा खा. सकाळपासून नुसता हातात धरून फिरतोयस.

नोसे : बाटलीचं मी माझ्यावर घेईन. तुमचं नाव कुठे येणार नाही.

कुसुमोतो : का नाही येणार? पातळ कुणी केलं, अल्कोहोल कुणी घातलं, हे तू कशाला सांगशील? ते मीच सांगेन. मागच्या रांगेत माझ्यासाठी एक खुर्ची धरून ठेव. हात धुऊन येते.

नोसे : तुम्ही सेमिनारला येणार? इतक्या वर्षांत एकदाही आला नाहीत.

कुसुमोतो : कुणी ये म्हटलंच नाही.