परत दिलेलं शीड

माजलगावच्या बसस्थानकात बीडच्या गाडीसाठी रांग लागली होती. नीलम्माच्या मागं धरणावरचे दोन नाववाले, काका-पुतणे, उभे होते. काकाच्या काखेत फाटक्या शिडाचं गाठोडं होतं.

“परदेशी शीड लई टिकतं म्हणलते तुमी, काका.”

“स्वस्त हाय म्हणलतो. एका वाऱ्यात उभं फाटलं. नाव कलंडली, पोरगं बुडता बुडता वाचलं.”

“आता कुणाकडं न्यायचं?”

“केदारनाथ ताडपत्रीवाल्याकडं. टाका पक्का हाय त्याचा.”

नवऱ्याचं नाव ऐकलं तशी नीलम्मा पुढं सरकायची राहिली.

“काका, त्यांनी शिवलेलं शीड तुमीच माघारी दिलतं ना?”

“निम्म्या भावात परदेशी मिळालं. मग त्याचं कशाला घ्यावं?”

“काय म्हणले ते?”

“काय म्हणंल? घडी घालून ठेवून दिलं.”

“मग आता कोणत्या तोंडानं जायचं?”

“गरज त्याला हाय रं. आलेलं काम सोडतोय व्हय तो?”

नीलम्मा मागं वळली.

“दादा, दुकान बंद हाय. मशीन विकून ते सुरतेला गेले. कारखान्यात गोण्या शिवतेत.”

“तुमाला कसं ठाव, बाई?”

“मी त्यांची बायको.”

काकानं गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं.

“मग ते आमचं शीड, ते तरी हाय का घरी?”