बुडाला एक ठिपका असलेल्या कपाबाबत

मी, घरातली 'छोटी' (पूर्ण नाव ओळखपत्राप्रमाणे), वय ६४ वर्षे, व्यवसाय निवृत्त शाळा-ग्रंथपाल, राहणार इथून बसने सहा तासांवरच्या गावी, शाळेमागील घर. समक्ष हजर राहून जबाब देते की,

सोमवारी संग्रहालय बंद असे. शहराचा पहिला नकाशा काढणाऱ्या गृहस्थांचे ते घर. माझी आई तिथली राखणदार होती आणि आम्ही मागच्या दोन खोल्यांत राहत होतो. सोमवारी आई त्या गृहस्थांची भांडी धुई. मी आणि माझी थोरली बहीण, ताई, ती पुसत असू. मग आम्हाला दूध मिळे. त्या गृहस्थांच्या कपासारखेच निळ्या काठाचे दोन कप आईने बाजारातून आणले होते. भांडण नको म्हणून माझ्या कपाच्या बुडाला लाल रंगाचा एक ठिपका, ताईच्या कपाला दोन. माझ्या दुधावरची साय ताई बोटाने काढून खाई, कारण मला ती आवडत नसे. (याचा प्रकरणाशी काय संबंध, असे हवालदारांनी विचारले. संबंध आहे.)

मी नऊ वर्षांची आणि ताई अकरा वर्षांची असताना एका सोमवारी त्या गृहस्थांचा कप ताईच्या हातून फुटला. आईने विचारले. ताई म्हणाली, "छोटीने." मी म्हटले, "मी नाही." मंगळवारी संग्रहालयाचे साहेब तपासणीला येणार होते. आईने माझा कप विसळून त्या गृहस्थांच्या टेबलावर ठेवला. पुढच्या महिन्यात मला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात पाठवले. "हिच्या तोंडाला कुलूप नाही," असे आई मावशीला म्हणाली, ते मी ऐकले. वसतिगृहात मी सात वर्षे होते. तिथल्या शिस्तीबद्दल तक्रार नाही.

राखणदारी पुढे ताईकडे आली. पाहुण्यांना घर दाखवण्याचे कामही तीच करते. आई गेल्या महिन्यात वारली. तिची बटणांची डबी मावसभावाने मला पोचवली. डबीत कपाचे अकरा तुकडे आणि आईच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: "खरा कप. थोरलीने फोडला. मला त्याच दिवशी कळले होते."

आज मी शहर-दर्शनाच्या बसचे तिकीट काढून आले. त्यात मोठी बाग, घड्याळाचा मनोरा आणि हे घर अशी तीन ठिकाणे आहेत. मनोऱ्याच्या दोनशे बारा पायऱ्या चढले. वरून संग्रहालयाचे मागचे अंगण दिसते. दोरीवर एकच टॉवेल होता.

अकरा वाजून वीस मिनिटांनी ताई बावीस पाहुण्यांना माहिती देत होती. तिने मला दारातच ओळखले. तरी न थांबता म्हणाली, "हा त्यांचा शेवटचा कप. लांबूनच बघा हं! इथे राखणदारणीची एक धाकटी मुलगी होती, हात लावेल तिथे माती. तिच्या तावडीतून हा कप वाचला तो माझ्यामुळे." मंडळी हसली. हे ती रोज सांगते, असे पहारेकऱ्याकडून नंतर कळले.

मी दोरी ओलांडून कप उचलला, उलटा केला आणि सगळ्यांना ठिपका दाखवला.

"ठेव खाली, कैदाशिणी!"

"माझा आहे. तुझा दोन ठिपक्यांचा कुठे गेला?"

"तोही मीच फोडला." हे ती हळू बोलली. पहारेकरी जवळच होता.

"कधी?"

"तू गेलीस त्या संध्याकाळी. झालं समाधान?" आणि मग ती मोठ्याने ओरडली, "चोर! चोर!"

मी पळाले नाही. कप घेऊन समोर बागेतल्या बाकावर बसले. पोलीस चौतीस मिनिटांनी आले. तोवर ताई खिडकीत उभी होती. ती खाली आली नाही. मी हाक मारली नाही.

ठाण्यात ताई म्हणाली, "आईला बघायला सवड नव्हती, कप पळवायला बरी मिळाली." मी म्हटले, "माझी पत्रं तू दडवलीस की तिनेच उत्तर दिलं नाही?" ती म्हणाली, "जा, विचार आता तिलाच." त्यानंतर आम्ही एकमेकींशी बोललेलो नाही.

मी चोरी केलेली नाही. माझे सांगणे असे की, डबीसह इथे जमा केलेले अकरा तुकडे संग्रहालयाला द्यावेत. खरे तेच आहेत आणि ते चिकटवता येतील. पंचनामा झाल्यावर कप मला परत मिळावा. परतीच्या बसमध्ये तो मी मांडीवर धरून नेईन. चिठ्ठी ताईला द्यावी. पाहुण्यांसमोर देऊ नये.

जबाब मला दोनदा वाचून दाखवला. 'माझी थोरली बहीण' खोडून 'संग्रहालयाची राखणदार' करा, असे मी सांगितले होते. हवालदार म्हणाले, मग पानभर 'ताई' आहे तेही खोडावे लागेल. तर दोन्ही राहू द्यावे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे.