बाहीवर बाही

सातारच्या मोटारस्टँडावर पाटणच्या गाडीची वाट बघत बसलेल्या गोदावरीबाईंचे कान शेजारच्या दोघींकडे लागले होते.

"साळू, कारभारी लढाईवरनं आलं म्हणं?"

"आलं की. आल्या आल्या म्हनलं, 'ऊठ, मशीन माजं हाय.'"

"आता गं बया! इतकी सालं तू चालवलेलं शिंपीकाम गेलंच की!"

"म्हनलं, 'आवं, एवढी बाही हुंद्या.'"

"मग?"

"ती झाली, दुसरी घेतली."

"लय लबाड!"

"तेवढ्यात बायका आल्या माप द्यायला. कारभारी भाईर गेलं."

"बाप्याला कोन माप दील? आदी कारभारी शिवायचं तवा आमी जुनं पोलकं धाडायचो मापाला."

"व्हय, अंग वाढलं तरी पोलकं तेवढंच!"

"माजं तर दंडालाच उसवायचं. बरं, कारभारी?"

"भाईर हुबं ऱ्हाऊन दमलं. मग बायका गेल्यावर सुई घिऊन माज्या शेजारी बटनांची काजं कराया बसलं. लय नाजूक करत्यात गं."

"रागावलं न्हाईत?"

"दातानं दोरा तोडला, आन हासलं."

गोदावरीबाई हळूच सरकल्या.

"साळूबाई, माझंही पोलकं दंडाला घट्ट होतं हो. दुकान कुठंशी तुमचं?"