उरलेल्या भाकरी

दौंडच्या दवाखान्यात सुजलेले गुडघे दाबत साखरबाई नंबराची वाट पाहत होती. शेजारी वरवंडच्या मायलेकी डॉक्टरांना दाखवून औषधासाठी थांबल्या होत्या, आणि त्यांची चांगलीच जुंपली होती.

"दोनच भाकरी खा म्हणला डाक्टर! आन् आये, तू आज सकाळी शिळ्या चार खाल्ल्यास!"

"मग टाकू? दुष्काळात रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकर चतकोर-चतकोर वाटून खाल्लीय आपण."

"म्हशीला घाल."

"भाकर म्हशीला? तोंड सांभाळ, तुळजे!"

"मग कमी थापत जा! जिभंला लगाम न्हाई तुझ्या."

"जिभंला? शिळी भाकर जिभंसाठी खातंय व्हय कुणी? कमी थापल्यावर काय व्हतं, बघितलंस कवा?"

"काय व्हतं?"

"तुझा बाप आन् भाऊ पोटभर जेवून उठत्यात. मग मी बसते, तर टोपलं रिकामं! चार जादा थापल्या, तरच माझ्या वाट्याला येतंय. आन् ते कमी जेवले, की उरत्यात."

तेवढ्यात साखरबाईचा नंबर आला.

"वजन फार वाढलंय, बाई," डॉक्टर म्हणाले. "रोज किती भाकरी खाता?"

"उरत्यात तेवढ्या!" साखरबाई कडाडली.