जाऊबाईंच्या हातचं अंडं

नाही नाही, तिथेच बसा, जवळ नका येऊ — अहो, रागाने नाही म्हणत! आपल्या पोरांच्या या कफाच्या आजाराची दोन लेकरं दवाखान्यात शेजारी बसवत नाहीत, एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याला बाधतात. तुम्ही नवीन दिसता, म्हणून सांगितलं. मधे खुर्च्या राहू देत, बोलायला काय, आपली तोंडं आहेत. ती खिडकीपाशी उभी आहे ना, ती आमची ठमी. सहा पूर्ण झाली, दिसते चारची. आता वजनाला बोलावतील.

आहारवाल्या बाईंनी अंड्याचं सांगितलं का? सांगतील. कोलीन म्हणून काही असतं, ते कमी पडलं की यकृतात चरबी साठते. आपल्या पोरांना चरबी पचत नाही ना, तिच्याबरोबर तेही शीवाटे निघून जातं. आणि ते असतं बलकात. मी काय करत होते? बलक काढून नुसतं पांढरं भरवत होते! पिवळं जड, पिवळं जड — ऐकतच मोठे झालो ना आपण. बरं, मग बलक द्यायला लागले, तर खाल्ला का? नाव नको! माझ्या हातचा घास थू करून टाकते. आणि वरच्या मजल्यावर, आमच्या थोरल्या जाऊबाईंकडे — अख्खं अंडं फस्त! कसं? तर उकडलेलं अंडं काकूच्या कपाळावर फोडायचं. टक्! की दोघी खिदळणार. जिन्यात ऐकू येतं मला. मीही केलं हो कपाळ पुढे. तर कार्टी म्हणते, "तुझ्या कपाळावर आठ्या आहेत, नको." आठ्या नसतील तर काय असेल? रोज पाठ थोपटून कफ मी काढायचा, वाफ मी द्यायची, शिव्याशाप मी खायचे, आणि गोडवे काकूचे! म्हणतात ना, आंधळं दळतं आणि — जाऊ दे, थोरल्या जावेला कुत्रं म्हणायची नाही मी.

त्यांचे दोन मुलगे बघाल तर दारात मावत नाहीत. कधी साधा खोकला नाही. एवढं पदरात असताना माझी एकुलती एक कशाला हवी त्यांना? जळते मी, हो, जळते! मागच्या खेपेला ठमीचं वजन वाढलं, आहारवाल्या बाई म्हणाल्या, "शाबास आई." मी हसले. जाऊबाईंचं नाव कशाला सांगू?

आता नाही पाठवत वर. का म्हणजे? चुकल्या ना त्या! खाण्याबरोबर पचनाची कॅप्सूल द्यावी लागते, ती न देता दोन अंडी चारली. पोर पोट धरून गडाबडा लोळली. मी सगळ्यांसमोर सुनावलं — "दुसऱ्याचं लेकरू सांभाळायचं तर नीट सांभाळावं!" बिचाऱ्या रडल्या. म्हणाल्या, "मला वाटलं तू देऊन पाठवलीस." मी कुठली देतेय, कॅप्सूलची डबी तर माझ्याच पर्समध्ये — म्हणजे, एरवी मी ठमीच्या हाती डबी देतेच. त्या दिवशी राहिली. राहते की माणसाची! पायऱ्या चढताना ती रिकाम्या हाताने चालली होती, हे काय मी मुद्दाम बघत बसले होते?

असं काय बघता? तुमचं बाळ अजून तुमच्याच हातचं खातं, तुम्हाला नाही कळायचं. बलक घशाखाली जात नाही तिच्या. फ्रॉक बघा कसा लोंबतोय खांद्यावर. सकाळी म्हणाली, "आई, काकूला खाली बोलव ना, मी रडणार नाही, सगळं खाईन." आणि मी म्हटलं — काकूला तू आवडत नाहीस आता.

...बोलावलं वाटतं. चल गं ठमे, बूट काढ. आणि तुम्ही — तुम्ही तुमचं बाळ सांभाळा, दुसऱ्याच्या घरच्या चौकशा कशाला हव्यात?